शिवाजीनगरचा एसटी स्टँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रिक्षावाल्याला 'शिवाजीनगर स्टँड' म्हटलं की तो हमखास विचारतो, "जुना का वाकडेवाडी?" जुना म्हणजे जिथं आता स्टँड उरलेलाच नाही, आणि वाकडेवाडी म्हणजे जी शिवाजीनगर नाही. या गोंधळात इतकी वर्षं गेली की पुण्यात नव्यानं आलेल्या मुलांना यात काही चमत्कारिक वाटतही नाही. जुन्या जागी होऊ घातलेल्या नव्या स्थानकाबद्दल लोक काय म्हणतात, का म्हणतात आणि कोणाचं म्हणणं ऐकू येत नाही, यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. मी एसटीनं फिरणारा माणूस आहे, महामंडळाचा किंवा मेट्रोचा कोणी नाही.

मुळात झालं काय?

शिवाजीनगर रेल्वे स्टेशनला लागून असलेला एसटी स्टँड मेट्रोच्या भुयारी स्टेशनच्या कामासाठी २०१९ च्या डिसेंबरअखेर वाकडेवाडीला, दुग्धविकास खात्याच्या जागेवर हलवला. हलवताना शब्द वापरला होता 'तात्पुरता'. तीन महिन्यांत टाळेबंदी आली, गाड्याच थांबल्या. पुढं २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. म्हणजे सुरुवातीची दोन-अडीच वर्षं वाकडेवाडी सोयीची की गैरसोयीची, हे प्रवाशांना धड अनुभवताही आलं नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं. किल्ल्यासारखं दर्शनी रूप दिलेलं स्टेशन बघायला लोक आले, फोटो काढले. एसटी मात्र वाकडेवाडीलाच थांबत राहिली. ज्या कामासाठी स्टँड हलवला ते काम झालं, तरी स्टँड परत आला नाही. लोकांच्या रागाचं मूळ इथं आहे.

जुना स्टँड एवढा चांगला होता का, की त्यासाठी लोक हळहळतात?

नाही. पावसाळ्यात आवारात चिखल, फलाटावर पाणी, स्वच्छतागृहाचा वास चौकशी खिडकीपर्यंत, आणि उद्घोषणा अशी की सुरुवात ऐकू यावी आणि गावाचं नाव विरून जावं. वर्तमानपत्र अंथरून बसायचं आणि गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, अशा आठवणी लोक आता हसत सांगतात, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. तो बदलायला हवा होता याबद्दल प्रवाशांत मला तरी कधी दुमत दिसलं नाही. हळहळ आहे ती जागेची. 'जुना स्टँड परत द्या' असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ 'त्या ठिकाणचा स्टँड परत द्या' एवढाच घ्यायचा.

जागेत एवढं काय आहे? दोन-अडीच किलोमीटरनं काय बिघडतं?

पुण्याचे तीन स्टँड म्हणजे तीन दिशांच्या वेशी. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कोकण या बाजूंना स्वारगेट. मुंबईच्या बाजूला पुणे स्टेशन. नाशिक, अहिल्यानगर, संभाजीनगर आणि पुढं मराठवाडा, खानदेश, विदर्भ यांना शिवाजीनगर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली तीही नगर–पुणे याच वाटेवर, आणि पहिली विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ ला निघाली तीही पुणे–नगरच.

या गाड्यांतून उतरणारा माणूस पुण्यात कशाला येतो ते बघा. कोणाची जिल्हा न्यायालयात तारीख असते. कोणाला साखर संकुलात उसाच्या थकलेल्या पैशासाठी अर्ज द्यायचा असतो. कोणाचा मुलगा कृषी महाविद्यालयात, मुलगी मॉडर्नला किंवा फर्ग्युसनला, भाचा सीओईपीत. महापालिका तिथून जवळ. स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका आणि खाणावळी असलेल्या पेठा चालत गाठता येतात. लोणावळ्याची लोकल शेजारच्या फलाटावर, म्हणजे पिंपरी, तळेगावला जाणाऱ्याला पिशवी उचलून फक्त पलीकडं जायचं. हे सगळं त्या एका जागेभोवती आपोआप जमलेलं होतं, कोणी ठरवून आखलं नव्हतं.

आता बीडहून रात्रभर प्रवास करून पहाटे उतरलेल्या बाईंचं बघा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं प्रवास परवडतो. पण वाकडेवाडीहून न्यायालयापर्यंत पहाटे सिटी बस मिळेलच असं नाही, आणि रिक्षावाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून तिकिटात वाचलेले पैसे निम्मे तिथंच गेले असं वाटतं. ७५ वर्षांवरच्या आजोबांना एसटी फुकट आहे, रिक्षा नाही. ही दोन-अडीच किलोमीटरची गोष्ट चारचाकीतून नकाशावर बघणाऱ्याला क्षुल्लक वाटते.

मग वाकडेवाडीच ठेवा असं म्हणणारे कोण आहेत?

आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शिवाजीनगर, संचेती चौक, विद्यापीठ रस्ता इथं रोज गाडी हाकणाऱ्यांना लांबलचक बस गर्दीतून वळताना नको आहेत. नाशिकच्या गाड्यांना वाकडेवाडीहून जुन्या मुंबई रस्त्यानं सरळ नाशिक फाटा गाठता येतो. शहरात शिरून बाहेर पडायचा वेळ वाचतो. पिंपरी-चिंचवड, खडकी, बोपोडीच्या लोकांना तर हा स्टँड जवळचाच. काही चालकही खाजगीत हेच सांगतात: "साहेब, प्रवाशाला लांब पडतं, पण गाडीला बरं."

म्हणून एक मधलं मतही आहे आणि मला ते पटतं. नाशिक रस्त्याच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटाव्यात, पण त्या मेट्रोच्या दारातून जाव्यात. बाकी दिशांच्या शिवाजीनगरलाच याव्यात. 'सगळं इकडं की सगळं तिकडं' अशी मांडणी केली की भांडण होतं. गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवून बोललं तर निम्मं भांडण मिटेल.

लोकांचं मत कोणी विचारलं का?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर जरा लांबवतो.

विचारलं असं समजू, तरी कोणाला विचारलं? पुण्यात सभा झाली, तर सभेला येणार पुण्यात राहणारे. स्टँडशेजारच्या सोसायटीचे, दुकानदार, नगरसेवक, वाहतुकीवर लिहिणारे, माझ्यासारखे उपद्व्यापी. पण हा स्टँड वापरणारे बहुसंख्य लोक पुण्याचे मतदारच नाहीत. ते गेवराईचे, पाथर्डीचे, संगमनेरचे, चाळीसगावचे आहेत. त्यांचा आमदार वेगळा, त्यांचं वर्तमानपत्राचं पान वेगळं. पुण्याच्या आवृत्तीत स्टँडची बातमी येते तेव्हा ती त्यांच्या गावच्या आवृत्तीत नसते. जो माणूस वर्षातून सहा वेळा न्यायालयाच्या तारखेला येतो तो हरकत नोंदवायला सातव्यांदा येणार नाही.

त्यात पुण्यात राहणाऱ्यांमधले जे हा स्टँड सर्वांत जास्त वापरतात, ते विद्यार्थी आणि हंगामी कामगार, तेही मतदार यादीत बहुधा गावाकडंच असतात. त्यामुळं 'पुणेकरांचं मत' म्हणून जे समोर येतं त्यात वाहतूक कोंडीची तक्रार मोठी दिसते आणि पहाटे उतरणाऱ्याची अडचण लहान. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकीला माईक मिळतो.

मत घ्यायचंच असेल तर ते गाडीत घ्या. वाहकाच्या हातात तिकिटाचं यंत्र आहेच. कोण कुठून चढला, कुठं उतरला, हे महामंडळाला रोज कळतं. उतरल्यावर पुढं कुठं जाणार, एवढा एकच प्रश्न आठवडाभर फलाटावर विचारला तरी कुठल्याही सभेपेक्षा जास्त कळेल. आणि तो आठवडा दिवाळीचा घ्या. शनिवार-रविवारची गर्दी बघून स्टँड आखला तर तो दिवाळीच्या आधीच्या रात्री कोलमडतो. जादा गाड्या उभ्या करायला जागा नसते आणि लोक रस्त्यावर येतात.

नव्या स्थानकावर मॉल, ऑफिसं असणार म्हणतात. त्याला विरोध का?

सरसकट विरोध नाही. महामंडळाकडं पैसा नाही, जागा मोक्याची आहे, तेव्हा खासगी भागीदार घेऊन वर व्यापारी संकुल बांधायचं आणि खाली स्टँड, असं गणित बऱ्याच जणांना मान्य आहे. वडोदऱ्याचं मध्यवर्ती बसस्थानक तसंच बांधलेलं आहे. खाली बस, वर दुकानं आणि चित्रपटगृह. गुजरातला जाऊन आलेला माणूस हे उदाहरण देतोच.

भीती वेगळी आहे. स्टँड हा इमारतीचा 'तळमजला' होऊन बसेल की काय, ही. जी गोष्ट पैसे देते तिला प्रवेशद्वार, उजेड आणि वारा मिळतो, उरलेलं फलाटाला. यात एक तांत्रिक भागही आहे जो बैठकांत फारसा निघत नाही. एसटीची गाडी अकरा-बारा मीटर लांब. ती फलाटाला तोंड लावते आणि निघताना मागं घ्यावी लागते, मागं वाहक शिट्टी मारत उभा. त्यासाठी मोकळं अंगण लागतं. वर उंच इमारत आली की खाली खांब येतात, आणि खांब कुठं येणार हे वरच्या ऑफिसांच्या मापानं ठरलं तर खाली गाडी वळत नाही. डिझेलचा धूर कोंडतो तो वेगळाच. विजेच्या गाड्या वाढल्या तर धूर कमी होईल खरा, पण मग चार्जिंगसाठी गाडी तासन् तास उभी करायला जागा हवी, आणि ती जागा आराखड्यात आजच धरायला हवी. चालकांना विचारून खांब आखा, ही मागणी मला सगळ्या मागण्यांत सर्वांत शहाणी वाटते.

शहराबाहेर एकच मोठं, प्रशस्त स्थानक का नको?

चेन्नईनं ते केलं. कोयंबेडूचं स्थानक २००२ मध्ये सुरू झालं तेव्हा तेच शहराच्या कडेला होतं. शहर वाढलं, कोंडी झाली, म्हणून ३० डिसेंबर २०२३ ला आणखी दूर किलांबाक्कमला भव्य स्थानक उघडलं. इमारतीला कोणी नावं ठेवली नाहीत. पण ते सुरू झालं तेव्हा दारात रेल्वे स्टेशन नव्हतं, मेट्रो नव्हती, आणि रात्री उतरलेल्या माणसाला शहरात पोचायला जवळजवळ दुसरा प्रवास करावा लागत होता. त्यावरून तिथं बराच काळ ओरड झाली.

आधी जोड, मग स्थलांतर, हा क्रम उलटा केला की काय होतं ते तिथं दिसलं. शिवाजीनगरला गंमत अशी की जोड तयार आहे. मेट्रो आली, रेल्वे आधीपासून आहे, आणि हिंजवडीहून येणारी मेट्रोही जवळच न्यायालयापाशी संपणार आहे. तिथं नाही ती फक्त एसटी.

जुनी इमारतच दुरुस्त करून ठेवावी असं कोणी म्हणालं नाही?

आपल्याकडं नाही, आणि आता प्रश्नच नाही, ती पाडली. पण असंही घडतं. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरानं १९६९ चं आपलं अजस्र काँक्रीटचं बसस्थानक पाडायचं २०१२ मध्ये ठरवलं. लोकांनी आणि वास्तुप्रेमींनी धरून ठेवलं, २०१३ मध्ये त्याला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला, आणि २०१८ मध्ये तेच स्थानक नीटनेटकं होऊन पुन्हा वापरात आलं. शिवाजीनगरच्या शेडवर असं प्रेम करणारा मला भेटलेला नाही.

महिला प्रवाशांचं म्हणणं काय?

२५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एसटीत एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर पुण्यातल्या कुठल्याही स्टँडची चर्चा आधीसारखी राहिली नाही. त्याआधी 'सुरक्षा' हा यादीतला एक मुद्दा असायचा. त्यानंतर बायका स्पष्ट बोलू लागल्या, आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी फार साध्या होत्या. बंद पडलेल्या, वापरात नसलेल्या गाड्या आवारात उभ्या ठेवू नका. पार्किंगच्या कोपऱ्यात दिवा लावा. पहाटे तीन ते सहा चौकशी खिडकीत माणूस असू द्या, म्हणजे 'गाडी तिकडं लागलीय' असं कोणी अनोळखी सांगणार नाही आणि सांगितलंच तर खात्री करता येईल. स्वच्छतागृह फलाटाच्या समोर असू द्या, इमारतीच्या मागं नको. हिरकणी कक्षाला, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीला, कुलूप नको.

यातली एकही गोष्ट नव्या इमारतीसाठी थांबलेली नाही. वाकडेवाडीला त्या उद्या करता येतील. म्हणून मला 'नवीन स्थानकात सर्व सुविधा असतील' हे वाक्य ऐकलं की चीड येते.

चालक-वाहकांना कोणी विचारतं का?

फार कमी. लांबच्या आगाराची मुक्कामी गाडी घेऊन आलेला चालक रात्री विश्रांतीगृहात झोपतो आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत जातो. त्याला काय हवं? पंखा, ढेकूण नसलेली गादी, गरम पाणी, आणि गाडी लावायला अशी जागा की पहाटे दुसऱ्या चार गाड्या हलवल्याशिवाय तिला निघता येईल. आराखड्यांच्या चित्रांत काचेची इमारत आणि झाडं असतात, विश्रांतीगृह कधी दिसत नाही. तुमची गाडी चालवणारा माणूस रात्री झोपला की नाही, हा प्रवाशाच्याच जिवाचा प्रश्न आहे.

रिक्षावाले, रसवंती, हमाल, पेपरवाले?

स्टँड हलला तसे काही त्याच्यासोबत गेले, काही जुन्या जागी बसले ते बसलेच. परत स्थलांतर झालं की ज्यांनी वाकडेवाडीत नव्यानं बस्तान बसवलं ते उठणार. नव्या संकुलातल्या गाळ्याचं भाडं रसवंतीला झेपणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढं अडलं कुठं?

पैशावर आणि सहीवर. बांधून कोण देणार, मेट्रो की महामंडळ; व्यापारी भाग किती आणि त्याचं उत्पन्न कोणाकडं; वाकडेवाडीच्या जागेचा भार कोण सोसणार. दोन्ही सरकारीच यंत्रणा, तरी एकमेकींशी करार करायला त्यांना वर्षं लागली. मधल्या काळात मंत्री बदलले, आराखडे बदलले, मजले कमी-जास्त झाले. जो आराखडा दर वेळी मोठा होतो तो दर वेळी उशिराही होतो. पनवेलचा स्टँड आठवा: जुनी इमारत धोकादायक म्हणून गेली, भव्य प्रकल्पाची चित्रं आली, आणि प्रवासी वर्षानुवर्षं तात्पुरत्या शेडखाली. त्यामुळं 'किती मजली' हा प्रश्न ऐकला की अनुभवी प्रवासी मान हलवतो आणि विचारतो, "कधी?"

माझं मत विचाराल तर फलाट, छप्पर, स्वच्छतागृह आणि मेट्रोकडं जाणारी वाट आधी बांधा, वरचे मजले नंतर चढवता येतील असा पाया घाला. पण वरच्या मजल्यांशिवाय भागीदार येत नाही, हेही तितकंच खरं. इथं माझंही उत्तर संपतं.

मला माझं मत नोंदवायचं आहे. कुठं?

आगारात 'प्रवासी राजा दिन' असतो. २०२४ पासून अधिकारी तिथं बसून तक्रारी ऐकतात. तोंडी सांगून येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. वाहतूक नियंत्रकाकडं तक्रार पुस्तक असतं, ते मागायला लाजू नका. जागेचं आरक्षणच बदलायचं असेल, तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि मुदत महिनाभराची असते. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते, तेव्हा डोळे उघडे ठेवा. करारात काय लिहिलंय ते हवं असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तराला ३० दिवस.

आणि तुम्ही पुण्याबाहेरचे असाल तर तुमच्या आमदाराला लिहा. पुण्याचा स्टँड हा त्यांचाही विषय आहे, फक्त त्यांना तसं कोणी सांगितलेलं नाही.

गावाहून डबा येतो. तो कुठं घ्यायचा?

हसू नका, हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. अभ्यासिकेत बसलेल्या पोरांच्या आया अजूनही सकाळच्या गाडीनं भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी पाठवतात. जुन्या स्टँडवर पेठेतून सायकलवर जाऊन डबा घ्यायचा आणि रिकामा परत द्यायचा, दहा मिनिटांचं काम. आता वाकडेवाडीला जावं लागतं, म्हणून तीन-चार मुलं पाळी लावतात. गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ घरून विचारून घ्या, गाडी फलाटाला लागायच्या आधी पोचा. रिकामे डबे धुऊन न्या आणि झाकणावर गावाचं नाव लिहा.